निवडक वारंवारता-शमन पद्धती : अस्थिर प्रवाहावस्थांच्या गणनेची एक चिकित्सा

२००६ साली ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात ओकेर्विक, ब्रांट, हेनिंगसन, होएप्फनर, मार्क्सेन व श्लाटर या सहा संशोधकांचे एक संक्षिप्त टिपण प्रसिद्ध झाले. काही प्रवाहावस्था निसर्गात टिकत नाहीत, पण नाव्हिए-स्टोक्स समीकरणांची त्या काटेकोर उत्तरे असतात. अशा अवस्था संगणकावर मिळविण्याची एक सोपी रीत त्या टिपणात सुचविलेली होती. ‘सिलेक्टिव्ह फ्रिक्वेन्सी डॅम्पिंग’ या नावाने ती ओळखली जाते. येथे तिचा उल्लेख ‘निवडक वारंवारता-शमन पद्धती’ किंवा थोडक्यात ‘शमन पद्धती’ असा केला आहे. द्रायुयामिकीत, म्हणजे द्रव आणि वायू यांच्या गतिशास्त्रात, या पद्धतीचा पुढे मोठा प्रसार झाला. तिने काय साधते याविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. तिने काय साधत नाही, आणि जे साधलेले नाही ते साधल्यासारखे का भासते, याची चर्चा मात्र त्या मानाने विखुरलेली राहिली. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे.

विषयात शिरण्यापूर्वी मराठीतील एक पारिभाषिक अडचण दूर करणे आवश्यक आहे. इंग्रजीत ‘स्टेडी’ आणि ‘स्टेबल’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत दोहोंसाठी ‘स्थिर’ हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. परिणामी ‘अनस्टेबल स्टेडी स्टेट’चे भाषांतर करू जाता ‘अस्थिर स्थिर अवस्था’ असा वदतोव्याघात पदरी पडतो. म्हणून येथे, काळानुसार न बदलणाऱ्या अवस्थेस ‘कालनिरपेक्ष’ म्हटले आहे. आणि लहानसा क्षोभ दिला असता जी अवस्था पुन्हा मूळपदावर येते तिला ‘स्थिर’, जी येत नाही तिला ‘अस्थिर’ म्हटले आहे. तळहातावर उभी तोललेली काठी ही कालनिरपेक्ष पण अस्थिर अवस्थेचे परिचित उदाहरण होय. काठी नेमकी उभी असेल तर तिच्यावरील बले समतोल असतात. परंतु केसभर कलली की ती पडते. गणिताच्या दृष्टीने ती उभी अवस्था तितकीच खरी आहे जितकी जमिनीवर आडवी पडलेली काठी.

न दिसणाऱ्या प्रवाहाची गरज

वर्तुळाकार दंडगोलावरून वाहणारा प्रवाह हे या विषयातील सर्वाधिक तपासले गेलेले उदाहरण आहे. प्रवाहाचा वेग, दंडगोलाचा व्यास आणि द्रायूची श्यानता यांवरून ठरणारा मितिहीन रेनल्ड्स अंक सुमारे ४७ च्या खाली असतो तोवर दंडगोलामागे दोन सममित भोवरे जागच्या जागी फिरत राहतात. हा उंबरठा ओलांडला की भोवरे आळीपाळीने सुटू लागतात आणि कार्मानच्या नावाने प्रसिद्ध असलेली भोवऱ्यांची रांग तयार होते. त्यानंतरही सममित भोवऱ्यांचे कालनिरपेक्ष उत्तर समीकरणांतून नाहीसे होत नाही. ते फक्त अस्थिर होते आणि म्हणून डोळ्यांना दिसेनासे होते.

न दिसणारा हा प्रवाह शोधण्याचा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर १९९० सालच्या स्ट्रायकोव्स्की आणि के. आर. श्रीनिवासन यांच्या प्रयोगांशी जोडलेले आहे. मुख्य दंडगोलामागे योग्य ठिकाणी एक अगदी बारीक दांडी ठेवली तर, रेनल्ड्स अंकाच्या काही मर्यादेपर्यंत, भोवरे सुटणे पूर्णपणे थांबते, असे त्यांनी दाखविले. दांडी नेमकी कोठे ठेवावी, हे २००७ साली जानेत्ती आणि लुकिनी यांनी गणनेने सांगितले. त्या गणनेचा पाया होता तो दंडगोलामागील अस्थिर, कालनिरपेक्ष, कोणी न पाहिलेला प्रवाह. आधारभूत प्रवाह चुकला तर त्यावरून काढलेले वाढीचे दर, संवेदनशीलतेचे नकाशे आणि नियंत्रणाच्या योजना हे सारेच चुकते.

या शोधाचा इतिहास जुना आहे. थॉम यांनी १९३३ साली रेनल्ड्स अंक १० व २० साठी उत्तरे काढली. १९५३ साली जपानमध्ये कावागुती यांनी अंक ४० साठी उत्तर काढले, तेव्हा आठवड्याला वीस तास या हिशेबाने दीड वर्ष आकडेमोड करावी लागली. हे सर्व अंक उंबरठ्याच्या अलीकडचे आहेत. डेनिस आणि चँग यांनी १९७० साली १०० पर्यंत मजल मारली आणि फोर्नबर्ग यांनी १९८० साली ३०० पर्यंत व १९८५ साली ६०० पर्यंत. फोर्नबर्ग यांच्या दोन निबंधांतील एक तपशील येथे मुद्दाम नोंदविण्याजोगा आहे. १९८० च्या निबंधात असे म्हटले होते की अंक ३०० च्या सुमारास दंडगोलामागील भोवऱ्यांचा प्रदेश रुंद आणि आखूड होऊ लागतो. १९८५ च्या निबंधात रुंदीची वाढ कायम राहिली, पण लांबी मात्र रेनल्ड्स अंकाच्या प्रमाणात वाढतच जाते असे आढळले. दोन्ही वेळी संशोधक तोच होता आणि निष्णात होता. वाऱ्याच्या बोगद्यात मोजणी करून हा वाद मिटविण्याची सोय नव्हती, कारण हा प्रवाह बोगद्यात दिसतच नाही. अस्थिर अवस्थांच्या गणनेचे वेगळेपण येथे आहे : तिचा साक्षीदार तीच असते. म्हणून पद्धतीची चिकित्सा ही या क्षेत्रात दुय्यम बाब ठरत नाही.

न्यूटनचा मार्ग आणि त्याची किंमत

कालनिरपेक्ष उत्तर शोधणे म्हणजे काळाचे पद शून्य करून उरलेले अरेषीय समीकरण सोडविणे. यासाठी न्यूटनची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. चालू अंदाजाभोवती समीकरण रेषीय करायचे, सुधारणा काढायची, पुन्हा तेच करायचे. उत्तर स्थिर आहे की अस्थिर याच्याशी न्यूटनला कर्तव्य नसते. या बाबतीत ती पूर्णपणे निःपक्षपाती पद्धत आहे. सुरुवातीचा अंदाज पुरेसा जवळचा असावा एवढीच तिची अट असते. ती अट पाळण्यासाठी रेनल्ड्स अंक थोडाथोडा वाढवत, आधीच्या उत्तरावरून पुढचे मिळवत जावे लागते.

खरी अडचण आकारमानाची आहे. त्रिमितीत प्रत्येक दिशेला केवळ १०० बिंदू घेतले तरी एकूण बिंदू १० लक्ष होतात. वेगाचे तीन घटक आणि दाब मिळून ४० लक्ष अज्ञाते. यांची संपूर्ण मॅट्रिक्स लिहायची तर १६ लक्ष कोटी नोंदी होतील. त्यांपैकी बहुतेक शून्य असतात हे खरे, पण मॅट्रिक्सचे अवयव पाडताना त्या शून्यांच्या जागा भरत जातात आणि संगणकाची स्मृती अपुरी पडते. मॅट्रिक्स प्रत्यक्ष न लिहिता, केवळ तिची सदिशावरील क्रिया वापरून काम भागविणाऱ्या क्रिलोव्ह पद्धती यावर तोडगा म्हणून आल्या. १९९० च्या दशकात टकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, काळात पुढे जाणारा विद्यमान संगणकीय कार्यक्रम थोड्या फेरफारांनी न्यूटन पद्धतीसाठी वापरता येतो. मामून व टकरमन यांचे १९९५ सालचे गोलीय कुएत प्रवाहावरील काम याचे उत्तम उदाहरण आहे. तथापि ‘थोडे फेरफार’ हे शब्द जाणकारासाठी थोडे असतात. दुसऱ्याने लिहिलेला, हजारो ओळींचा कार्यक्रम ज्याच्या हाती आला आहे, अशा संशोधकाला ते थोडे वाटत नाहीत. शमन पद्धतीच्या लोकप्रियतेचे मूळ या व्यावहारिक अडचणीत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय त्या पद्धतीवर टीका करणे अन्यायाचे होईल.

पद्धतीचे स्वरूप

शमन पद्धतीची कल्पना थोडक्यात अशी. प्रवाह काळात पुढे नेत असतानाच त्याची एक ‘गाळलेली’ प्रत शेजारी ठेवायची. ही प्रत प्रवाहाच्या जलद चढउतारांकडे दुर्लक्ष करते आणि संथ बदल तेवढे टिपते. किती संथ, हे गाळणीच्या कालावरून ठरते. मग मूळ समीकरणात एक जादा पद घालायचे, जे प्रवाहाला या गाळलेल्या प्रतीकडे ओढत राहते. ओढीचे प्रमाण नियंत्रण-गुणकाने ठरते. प्रवाह आणि त्याची प्रत एकरूप झाली की जादा पद आपोआप शून्य होते. तेव्हा उरते ते मूळ समीकरणाचेच उत्तर. काठी तोलणारा हात काठी सरळ होताच थांबावा, तसे हे आहे.

या रचनेचे सौंदर्य मान्य केलेच पाहिजे. जादा पद उत्तराला धक्का लावत नाही. चालू कार्यक्रमात जेमतेम काही ओळी वाढवाव्या लागतात आणि स्मृतीत प्रवाहाची फक्त एक जादा प्रत साठवावी लागते. मूळ टिपणात पोकळीमुळे विलग होणारा सीमास्तर आणि दाबामुळे निर्माण होणारा विलगन-फुगा ही दोन उदाहरणे घेतली होती. २००९ साली बघेरी, श्लाटर, श्मिड व हेनिंगसन यांनी आडव्या प्रवाहात सोडलेल्या झोतासाठी, म्हणजे पूर्णतः त्रिमितीय प्रवाहासाठी, आधारभूत अवस्था याच मार्गाने मिळविली. इतक्या मोठ्या त्रिमितीय गणनेला न्यूटनच्या मार्गाने भिडणे त्या काळी फार थोड्या गटांच्या आवाक्यातले होते.

गुणकांची खिडकी

आता मुख्य मुद्दा. शमन पद्धती उत्तराला धक्का लावत नाही हे खरे. परंतु कोणते उत्तर हाती लागेल यावर मात्र ती निर्णायक प्रभाव टाकते. हे पाहण्यासाठी द्विघाती समीकरणाहून अधिक गणिताची गरज नाही.

आधारभूत प्रवाहाभोवतीच्या एका क्षोभाचा विचार करू. त्याच्या वाढीचा दर ‘व’ आणि कोनीय वारंवारता ‘ल’ आहे असे समजू; दोन्ही मिळून एक संमिश्र आयगेन मूल्य होते. नियंत्रण-गुणक ‘न’ आणि गाळणीचा काल ‘क’ असेल, तर शमन पद्धतीत या एका आयगेन मूल्याच्या जागी दोन नवी मूल्ये येतात. ती एका द्विघाती समीकरणाची मुळे असतात. त्यांची बेरीज मूळ आयगेन मूल्यातून ‘न’ आणि १/क वजा केल्यावर येते. त्यांचा गुणाकार मूळ आयगेन मूल्याला ‘क’ने भागून चिन्ह बदलले की मिळतो. ‘क’ पुरेसा मोठा घेतला तर दोन्ही मुळे क्षय दर्शविण्यासाठी अट अशी निघते :

व < न < व + ल²/व

डावी बाजू अपेक्षित आहे. वाढीपेक्षा ओढ अधिक हवी. उजवी बाजू मात्र पहिल्या वाचनात चकित करते. ओढ फार वाढविली तरी पद्धत अपयशी ठरते. उदाहरणार्थ, व = ०.१ आणि ल = ०.७ घेतल्यास खिडकी साधारण ०.१ ते ५ अशी येते. क = १० ठेवून न = १ घेतला, तर ०.१ दराने वाढणारा क्षोभ ०.०२६ दराने क्षीण होऊ लागतो. न = ६ घेतला, तर तोच क्षोभ ०.०००३ एवढ्या क्षुल्लक दराने, पण वाढतच राहतो. असे होण्याचे कारण, ओढ अतिशय तीव्र असताना प्रवाह आणि त्याची प्रत एकमेकांना घट्ट चिकटतात आणि जोडीने मूळ अस्थिरतेच्या मागे जातात. ०.०००३ चा दर इतका लहान आहे की साध्या आलेखावर तो दिसणार नाही. गणना शांत झाली असे समजून ती थांबविण्याचा मोह येथे स्वाभाविक आहे.

या अटीत दडलेली दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘ल’ शून्य केल्यास डावी आणि उजवी बाजू एकच होते आणि खिडकी पूर्ण बंद होते. हे केवळ मोठ्या ‘क’साठी खरे आहे असे नाही. वास्तव, धन आयगेन मूल्य असेल तर नव्या दोन मुळांचा गुणाकार –व/क, म्हणजे नेहमीच ऋण येतो. आणि दोन मुळांचा गुणाकार ऋण असेल तर त्यांपैकी एक धन असलेच पाहिजे. ‘न’ आणि ‘क’ काहीही निवडा, ते धन मूळ जात नाही. न डोलता एका बाजूला सरकत जाणारी अस्थिरता शमन पद्धतीच्या कक्षेबाहेर आहे. पद्धतीच्या नावातच ‘वारंवारता’ असल्याने हे उघड वाटेल. तरीही गणना करताना याचा विसर पडतो, याचे कारण पुढील उदाहरणात सापडते.

दंडगोल आणि गोल

दंडगोलामागची पहिली अस्थिरता डोलणारी आहे. त्यामुळे शमन पद्धतीच्या गुणवर्णनात दंडगोल हटकून येतो आणि ती तेथे चोख काम करते. अर्थात दंडगोलासाठी त्याहूनही स्वस्त युक्ती पूर्वीपासून ठाऊक आहे. अस्थिरता मध्यरेषेच्या दोन बाजूंत भेद करणारी असल्याने अर्ध्याच प्रदेशात, सममितीची अट घालून गणना केली की सममित कालनिरपेक्ष प्रवाह कोणत्याही ओढीविना मिळतो. पद्धतीची परीक्षा घ्यायची तर जेथे तिची गरज आहे आणि अडचणही आहे असा प्रवाह निवडला पाहिजे.

गोलावरून जाणारा प्रवाह तसा आहे. नटराजन व अॅक्रिव्हॉस यांनी १९९३ साली अक्ष-सममित आधारभूत प्रवाहाचे आयगेन विश्लेषण केले. त्यात असे दिसले की रेनल्ड्स अंक सुमारे २१० ला पहिली अस्थिरता येते आणि तिचे आयगेन मूल्य वास्तव असते. प्रवाह डोलू लागत नाही. त्याची अक्षाभोवतीची सममिती मोडते आणि केवळ एका प्रतलाशी सममित अशी नवी कालनिरपेक्ष अवस्था येते. डोलणारी अस्थिरता त्यानंतर, अंक २७७ च्या सुमारास, येते. आता समजा, अंक ३०० ला त्रिमितीय गणनेत कोणी शमन पद्धती लावली. डोलणे थांबेल, शेष खाली येईल, आणि एक कालनिरपेक्ष प्रवाह हाती लागेल. तो अक्ष-सममित प्रवाह असू शकत नाही, कारण त्या अवस्थेची वास्तव अस्थिरता ही पद्धत दाबू शकत नाही. सममिती बाहेरून लादली नसेल, तर मिळालेला प्रवाह प्रतल-सममित शाखेवरचा असणार. तोही समीकरणाचे खरे उत्तर आहे. पण प्रश्न अक्ष-सममित अवस्थेविषयी विचारला असेल, तर हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे आहे.

अचानक रुंद होणाऱ्या सममित नालीतील प्रवाहाची गोष्ट याच जातीची आहे. फर्न, मलिन व क्लिफ यांनी १९९० साली प्रयोग आणि गणना या दोन्ही अंगांनी दाखविल्याप्रमाणे, एका मर्यादेनंतर प्रवाह एका भिंतीकडे झुकतो. सममित अवस्था उरते, पण वास्तव आयगेन मूल्याने अस्थिर होऊन. शमन पद्धती तेथे झुकलेला प्रवाह निमूटपणे देईल.

न्यूटन पद्धती स्थिर आणि अस्थिर उत्तरांत भेद करीत नाही. शमन पद्धती करते. तिला जे सापडते ते खरे असते. पण तिला जे सापडत नाही त्यावरून ते अस्तित्वात नाही असे म्हणता येत नाही, आणि जे सापडले ते ‘तेच’ आधारभूत उत्तर आहे असेही म्हणता येत नाही.

संथ गती आणि थांबण्याचा निकष

शमन पद्धतीवर सर्वसाधारणपणे घेतला जाणारा आक्षेप संथपणाचा आहे. तो रास्त आहे. मात्र त्याचे कारण बरेचदा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. अस्थिर क्षोभ शमायला वेळ लागतो असे समजले जाते. प्रत्यक्षात, जे क्षोभ मुळातच स्थिर आणि संथ आहेत ते या पद्धतीने अधिकच संथ होतात. फार लहान आयगेन मूल्ये जवळजवळ (१ + न × क) ने भागली जातात. वरील उदाहरणातील न = १, क = १० हीच मूल्ये घेतली तर हा भाजक ११ येतो. आपोआप ०.०५ दराने क्षीण होणारा एखादा क्षोभ शमन पद्धतीत ०.००४४ दराने क्षीण होतो. त्याला दहा लक्षांशावर आणण्यासाठी एरवी सुमारे २७६ एकके काळ पुरला असता. आता सुमारे ३,१६० लागतो. अस्थिर असलेला क्षोभ तेवढेच शमायला सुमारे ५३० एकके घेतो. म्हणजे रोग बरा झाल्यावरही रुग्णाला सहा पट काळ अंथरुणात राहावे लागते.

येथून थांबण्याच्या निकषाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि प्रस्तुत चिकित्सेत त्याला सर्वाधिक महत्त्व आहे. बहुतेक ठिकाणी गणना थांबविण्यासाठी प्रवाह आणि त्याची गाळलेली प्रत यांतील फरक पाहिला जातो. परंतु संथ क्षोभांच्या बाबतीत प्रत प्रवाहाच्या मागोमाग जवळूनच चालते. वरच्या उदाहरणात हा फरक प्रत्यक्ष चुकीच्या सुमारे ४.६ टक्के एवढाच भरतो. फरक दहा लक्षांशावर आला असे पाहून जो थांबेल, त्याच्या हातातील प्रवाहात त्या दिशेने सुमारे २२ पट अधिक चूक शिल्लक असेल. मूळ समीकरणाचा शेष, म्हणजे जादा पद काढून टाकून उरणारी तफावत, स्वतंत्रपणे मोजला तर यातून पुष्कळ सुटका होते. निबंधांतून मात्र कोणता शेष मोजला हे कित्येकदा स्पष्ट केलेले नसते.

सरासरी प्रवाहाशी होणारी गफलत

अर्धवट थांबविलेल्या गणनेचा धोका केवळ आकड्यांच्या अचूकतेपुरता नाही. आधारभूत प्रवाह आणि काळाची सरासरी काढलेला प्रवाह या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांचे स्थिरताविषयक वर्तन कमालीचे वेगळे असते. बार्कली यांनी २००६ साली दंडगोलाच्या संदर्भात याचे नेमके विवेचन केले. आधारभूत प्रवाहाभोवती काढलेली वारंवारता, उंबरठ्यापासून दूर जावे तशी, भोवरे सुटण्याच्या प्रत्यक्ष वारंवारतेपासून ढळत जाते. सरासरी प्रवाहाभोवती तीच गणना केली तर वारंवारता जवळजवळ तंतोतंत जुळते आणि वाढीचा दर शून्याच्या आसपास येतो. हा नियम सार्वत्रिक नाही, हे सिप आणि लेबेदेव्ह यांनी २००७ साली पोकळीवरील प्रवाहाचे उदाहरण घेऊन दाखविले.

ज्या गणनेत डोलणे पुरते थांबलेले नाही, तिच्यातील प्रवाह आधारभूत नसतो आणि सरासरीही नसतो. तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो आणि त्याची जागा ‘न’ व ‘क’ यांच्या निवडीवर अवलंबून राहते. त्याच्यावरून काढलेली वारंवारता प्रयोगाशी अधिक जुळू शकते, कारण तो सरासरीकडे झुकलेला असतो. चुकीच्या प्रवाहावरून आलेले आकडे प्रयोगाशी जुळतात आणि त्या जुळणीनेच गणनेला प्रामाण्य मिळते, असा हा विचित्र पेच आहे.

सुधारणांचा मागोवा

या दोषांची जाणीव संशोधकांना नव्हती असे नाही. जॉर्डी, कॉटर व शेरविन यांनी २०१४ साली शमन पद्धतीची अशी मांडणी केली की, विद्यमान कार्यक्रमाला आतून हात न लावता ती बाहेरून गुंडाळता येते. २०१५ साली त्यांनी गुणक आपोआप ठरविणारी आवृत्ती दिली. त्याच वर्षी कुन्या, पसाज्या व लाझारेफ यांनी लघुकृत प्रतिमानाच्या साहाय्याने गुणक निवडण्याचा मार्ग सुचविला. २०१८ साली कासाकुबेर्ता, ग्रोट, टोल व हिकेल यांनी पद्धत कोठे परिणामकारक आहे आणि कोठे कार्यक्षम आहे या दोन प्रश्नांची फारकत करून तिचे विश्लेषण केले. ही फारकत आधीच व्हायला हवी होती.

या सुधारणांमागे एक चक्रापत्ती आहे. ‘न’ व ‘क’ ठरविण्यासाठी ‘व’ व ‘ल’ ठाऊक हवेत. ते ठाऊक होण्यासाठी आधारभूत प्रवाह हवा. आणि तो मिळविण्यासाठीच तर ही सारी खटपट. २०१५ ची आवृत्ती हे चक्र अर्धवट शमलेल्या प्रवाहाचे आयगेन विश्लेषण करून, मिळालेल्या अंदाजाने गुणक सुधारत जाऊन तोडते. युक्ती सयुक्तिक आहे. परंतु ज्या संशोधकाकडे रेषीय केलेला कार्यक्रम आणि आयगेन मूल्ये काढणारे साधन तयार आहे, त्याच्यापाशी क्रिलोव्ह-न्यूटन पद्धतीची बहुतेक सामग्रीही तयार असते. शमन पद्धतीचे मूळ आकर्षण काही ओळींत भागण्याचे होते. ती परिपूर्ण करू जाता ते आकर्षणच गळून पडते.

वेगळ्या दिशेने गेलेले प्रयत्न अधिक आशादायक वाटतात. श्रॉफ व केलर यांनी १९९३ सालीच अशी रीत मांडली होती की, अस्थिर दिशा तेवढ्या वेगळ्या काढून त्यांच्यावर न्यूटन पद्धती वापरायची आणि उरलेल्या दिशा नेहमीच्या आवर्तनांवर सोपवायच्या. अस्थिर दिशा मोजक्याच असतात हे निरीक्षण तिच्या मुळाशी आहे. सित्रो, लुकिनी, जानेत्ती व आउतेरी यांनी २०१७ साली ‘बूस्टकॉन्व्ह’ ही पद्धत दिली. ती मागील काही शेषांच्या मिश्रणातून पुढचा शेष कमीत कमी होईल अशी सुधारणा निवडते. तिचा आधार शेषावर आहे, वारंवारतेवर नाही. त्यामुळे ‘ल’ शून्य झाल्याने बंद होणारी खिडकी तिच्या वाटेत येत नाही. चालू कार्यक्रमात अल्प फेरफारांनी बसण्याचा गुणही तिच्यात आहे. मागील प्रवाहांच्या अनेक प्रती साठवाव्या लागतात, एवढी तिची किंमत.

शमन पद्धती आता ‘नेक्टार++’ सारख्या मुक्त कार्यक्रमसंग्रहात तयार मिळते, त्यामुळे ती महाविद्यालयीन पातळीवरील पदव्युत्तर प्रकल्पांच्याही आवाक्यात आली आहे. हे स्वागतार्हच आहे. मात्र अशा प्रकल्पांच्या अहवालांत ‘शमन पद्धतीने आधारभूत प्रवाह मिळविला’ या एका वाक्यावर भागविण्याची प्रथा पडू नये. नियंत्रण-गुणक किती, गाळणीचा काल किती, जादा पद वगळून मोजलेला शेष किती, ही तीन माहिती त्या वाक्यासोबत सहज देता येते. मिळालेल्या प्रवाहाभोवती, शमनाचे पद काढून, मूळ समीकरणाची आयगेन मूल्ये काढली तर चौथी आणि अधिक मोलाची माहिती हाती येते. त्या यादीत प्रत्येक धन वाढदराबरोबर शून्येतर वारंवारता असलीच पाहिजे. एखादे वास्तव धन मूल्य तेथे दिसले, तर हा प्रवाह या पद्धतीने आपण होऊन मिळणे शक्यच नव्हते. अशा वेळी एकतर सममिती नकळत लादली गेली आहे किंवा गणना वेळेपूर्वी थांबली आहे, असे समजून ती पुन्हा तपासावी लागते.